दूध सोडलंय आणि व्यायामही करताय?
ठाण्यात उपवन तलावाला पहाटे फेऱ्या मारून आलात की नुसत्या पोह्यांवर भागवू नका. दूध-दही-पनीर बंद केलं की प्रथिनांची जागा मुद्दाम भरावी लागते. १०० ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये साधारण ५० ग्रॅम प्रथिनं असतात. एका वेळेला ३० ग्रॅम सुके चंक्स पुरे. उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, मग गार पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळा. उग्र वास त्या पिळण्यातच जातो, इथे घाई नको. नंतर कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मुरू द्या. ठाण्यात आपल्यासारखे व्हीगन (दूधही न घेणारे) व्यायामवाले भेटले तर रविवारी येऊरच्या डोंगरावर एकत्र जा, डबे वाटून खा. नवे पदार्थ असेच कळतात. बी-१२ जीवनसत्त्व मात्र व्हीगन ताटातून भरवशाने मिळत नाही. रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कराच.