वलयांकितांचा पाठिंबा आणि राजकारणातील धर्म : यावर वादविवाद कसा घडवावा

निवडणूक जवळ आली की महाविद्यालयांच्या वादविवाद मंडळांत आणि वाचनालयांच्या चर्चासत्रांत दोन विषय हमखास निघतात. प्रसिद्ध व्यक्तींनी उमेदवाराचा प्रचार करावा का, हा एक आणि राजकारणात धर्माला स्थान असावे का, हा दुसरा. हे दोन विषय एकत्र घ्यावेत, असे मला वाटते, कारण दोहोंच्या तळाशी प्रश्न एकच आहे : पडद्यावर, मैदानावर किंवा देवळात मिळालेला विश्वास मत मागण्यासाठी वापरणे कितपत योग्य आहे? हा प्रश्न समोर ठेवला की चर्चा व्यक्तींवरून मुद्द्यावर येते आणि दोन्ही बाजूंना एकच कसोटी लावता येते.

सर्वप्रथम विषयाची शब्दरचना नीट करावी. ‘धर्म आणि राजकारण वेगळे असावेत’ असा विषय दिला, तर प्रत्येक वक्ता आपापल्या मनातल्या धर्माविषयी बोलतो आणि दोघांची गाठ पडत नाही. त्याऐवजी ‘उमेदवाराने स्वतःच्या किंवा मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागू नये’ किंवा ‘मानधन घेऊन प्रचार करणाऱ्या कलावंताने ते जाहीर करावे’ असा नेमका विषय घ्यावा. त्यानंतर वक्त्यांना सांगावे, की कायद्याला काय चालते, नीतीला काय पटते आणि प्रत्यक्षात परिणाम काय होतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे वक्त्याने आरंभीच स्पष्ट करावे. बहुतेक भांडणे एकाने कायद्याचे बोलल्यावर दुसऱ्याने नीतीने उत्तर दिल्यामुळे होतात.

कायद्याचा भाग मात्र सर्वांनी आधी वाचून यावा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 च्या उपकलम 3 नुसार धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे निवडणुकीतील भ्रष्ट आचरण ठरते. ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी केलेले असले पाहिजे. संमतीची ही अट महत्त्वाची आहे, कारण प्रचाराला आलेल्या कलावंताच्या किंवा महाराजांच्या भाषणाची जबाबदारी उमेदवारावर कधी येते, हे तीच ठरवते.

अभ्यासासाठी महाराष्ट्राइतकी समृद्ध उदाहरणे क्वचितच सापडतील. डिसेंबर 1987 मध्ये विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांत धर्माच्या नावाने मते मागणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांमुळे ती निवड मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी तो निर्णय कायम ठेवला. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा अधिकारही सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. प्रभू यांच्या निकालाच्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तशाच एका निवडणूक खटल्यात मनोहर जोशी यांच्या बाजूने निकाल दिला. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, या आशयाचे त्यांचे विधान ही आशा आहे, धर्माच्या नावाने केलेली मतयाचना नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. वक्त्यांना हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचायला लावावेत आणि आशा कोठे संपते व आवाहन कोठे सुरू होते, ते स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगावे. या एका अभ्यासाने चर्चेची पातळी जितकी उंचावते, तितकी कोणत्याही प्रास्ताविक भाषणाने उंचावत नाही.

त्यापुढचा टप्पाही मुंबईचाच आहे. सांताक्रुझच्या 1990 च्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अभिराम सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला : केवळ उमेदवाराच्या नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध आहे. अल्पमतातील तीन न्यायमूर्तींचे म्हणणे मात्र अवश्य वाचावे. धर्म, जात किंवा भाषेमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी आपल्या व्यथा निवडणुकीत मांडायच्याच नाहीत काय, हा त्यांचा प्रश्न आजही टाळता येण्यासारखा नाही.

धर्म राजकारणातून संपूर्णपणे वगळावा, असे म्हणणाऱ्या वक्त्याला 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाविषयी आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 मध्ये केलेल्या उपोषणाविषयी विचारावे. या घटना राजकीय होत्या आणि धर्माच्या दारातच घडल्या होत्या. उलट, धर्माशिवाय राजकारण निःसत्त्व होते, असे मानणाऱ्याला विचारावे, की आपण ज्या धर्माचे नाहीत, त्याच्या नावाने कोणी मते मागितली तर तीच भूमिका कायम राहील का? आषाढी एकादशीला मुख्यमंत्री करतात ती शासकीय महापूजा या दोन टोकांच्या मधोमध येते. तिच्यात परंपरा किती आणि राज्यसत्तेचे प्रदर्शन किती, यावर दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे बोलता येते, म्हणून मी हे उदाहरण चर्चेच्या मध्यावर घेण्याचा आग्रह धरेन.

प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात : मतदान करा असे सांगणे, अमुक उमेदवाराला मत द्या असे सांगणे आणि स्वतः उमेदवार होणे. निवडणूक आयोगाने 2023 मध्ये सचिन तेंडुलकर यांना मतदार जागृतीसाठी राष्ट्रीय आयकॉन नेमले, ते पहिल्या प्रकारात मोडते आणि त्यावर सहसा कोणाचा आक्षेप नसतो. खरा वाद दुसऱ्या प्रकारात आहे, पण वक्ते पुरावे मात्र तिसऱ्यातले देतात. सूत्रसंचालकाने ही सरमिसळ तिथल्या तिथे दाखवून द्यावी.

प्रसिद्धीने निवडणूक जिंकता येते, असे म्हणणारा उत्तर मुंबईतून 2004 मध्ये राम नाईक यांना हरवणाऱ्या गोविंदाचे नाव घेईल. त्याच मतदारसंघात 2019 मध्ये ऊर्मिला मातोंडकर मोठ्या फरकाने पराभूत झाल्या, हे त्याला सांगावे. धर्म आणि प्रसिद्धी एकत्र येतात तेथे तर सावधपणा अधिकच हवा. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत राम साकारणाऱ्या अरुण गोविल यांनी 1988 च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या सुनील शास्त्री यांचा प्रचार केला, तरी विजयी झाले ते विश्वनाथ प्रताप सिंह. गोविल स्वतः 2024 मध्ये भाजपच्या वतीने मेरठमधून निवडून आले. त्याच मालिकेतील सीता आणि रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, 1991 मध्ये गुजरातमधून भाजपचेच खासदार झाले होते. केवळ भक्तिभावाने मते मिळत असती, तर रावणाची भूमिका करणारा अभिनेता लोकसभेत कसा पोहोचला असता? पक्ष, लाट आणि स्थानिक उमेदवार यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय चेहऱ्याचा प्रभाव सिद्ध झाला, असे कोणालाही म्हणू देऊ नये.

नीतीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधून मिळतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत उत्पादनाची शिफारस करणाऱ्या व्यक्तीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरेशी खातरजमा केली असल्यास तिला सूट मिळते. ही तरतूद वस्तू आणि सेवांपुरती असून उमेदवाराच्या शिफारशीला ती लागू नाही. साबणापेक्षा आमदार निवडणे अधिक गंभीर असेल, तर शिफारस करणाऱ्यावरची जबाबदारी कमी का, असे एका बाजूला विचारता येते. दुसऱ्या बाजूला उत्तर आहे, की कलावंतही नागरिक आहे, राज्यघटनेने त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे आणि दंडाच्या भीतीने सर्वप्रथम सत्तेविरुद्ध बोलणारेच गप्प होतील. मला हे उत्तर अधिक पटते. मानधन घेतले असल्यास ते सांगावे, एवढी अपेक्षा मात्र मी सोडणार नाही.

प्रत्यक्ष सभेत वक्त्यांनी पक्षाचे नाव घेण्याआधी तत्त्व मांडावे आणि त्यानंतर तेच तत्त्व आपल्या आवडत्या पक्षाच्या एका उदाहरणाला लावून दाखवावे, असा नियम ठेवावा. श्रद्धेवर टीका आणि श्रद्धेच्या राजकीय वापरावर टीका यांतील सीमा सूत्रसंचालकाने आरंभीच वाचून दाखवावी. कोणी दुखावल्याचे सांगितले, तर कोणत्या वाक्याने दुखावले ते शांतपणे विचारून घ्यावे आणि वक्त्याला ते वाक्य पुन्हा वेगळ्या शब्दांत मांडण्याची संधी द्यावी. बोलणे तिथेच थांबवू नये. शेवटच्या फेरीत बाजू अदलाबदल कराव्यात. प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत बळकट मुद्दा दोन मिनिटांत मांडावा आणि तो बरोबर मांडला गेला की नाही, हे प्रतिस्पर्ध्यानेच सांगावे. गुण द्यायचे असल्यास या फेरीला सर्वाधिक द्यावेत.