चालकविरहित गाडी येण्याआधी: पुण्यातील घर, सोसायटी आणि व्यवसाय यांनी करावयाची पडताळणी

चालकविरहित गाड्यांचा विषय निघाला की पुण्यातील चर्चा बहुधा "आपल्या रस्त्यांवर त्या कधी तरी चालतील का?" या एकाच प्रश्नाशी येऊन थांबते, आणि लक्ष्मी रस्त्यावरील संध्याकाळच्या गर्दीचा दाखला देऊन तेथेच संपते. या प्रश्नाचे उत्तर होय मिळो वा नाही, त्यातून कुटुंबाला किंवा व्यवसायाला कोणताही निर्णय घेता येत नाही. जेथे ही सेवा सुरू झाली, तेथे ती रस्त्यारस्त्याने आणि कामाकामाने पसरली. अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या परिसरात वेमो कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये चालक नसलेल्या टॅक्सीची सेवा सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुली केली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ती सर्वांना मिळण्यास जून २०२४ उजाडले. आणि दोन्ही ठिकाणी गाडी चालते ती आधी बारकाईने नकाशात उतरवलेल्या हद्दीच्या आतच. म्हणून पुणेकरांनी तपासावे ते आपले रोजचे रस्ते आणि आपला चालक प्रत्यक्षात करीत असलेली कामे. ही तपासणी कशी करावी, ते येथे मांडले आहे.

सुरुवात पायऱ्या समजून घेण्यापासून करावी, कारण विक्रेत्यांची भाषा येथे फार सैल असते. एसएई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. पुण्यातील शोरूममध्ये "एडास" म्हणून जी सुविधा विकली जाते, ती फार तर दुसऱ्या पायरीची असते: गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, मार्गिकेच्या मध्ये राहण्यास मदत करते, प्रसंगी स्वतः ब्रेक लावते, परंतु लक्ष ठेवण्याची आणि चुकीची संपूर्ण जबाबदारी स्टिअरिंगमागील माणसाचीच राहते. तिसऱ्या पायरीवर गाडी काही ठरावीक परिस्थितीत स्वतः चालते, मात्र तिने सूचना देताच माणसाने ताबा घ्यावा लागतो. चौथ्या पायरीवर ठरलेल्या हद्दीत माणसाची गरज उरत नाही. कोठेही, कोणत्याही हवामानात चालणारी पाचव्या पायरीची गाडी आज जगात कोठेही विक्रीस नाही. त्यामुळे विक्रेत्याने "गाडी स्वतः चालते" असे म्हटल्यास त्याला एकच प्रश्न विचारावा: अपघात झाला तर चालक म्हणून नाव कोणाचे लागेल?

कायद्याची बाजूही येथेच पाहून घ्यावी. १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक चालक गृहीत धरूनच रचलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात कलम २ ख घातले गेले, आणि त्यानुसार नव्या संशोधनाला चालना देण्यासाठी काही प्रकारच्या वाहनांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दुसरीकडे, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथील आयआयएमच्या कार्यक्रमात, चालकांचा रोजगार जाईल या कारणास्तव आपण चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती. भूमिका बदलू शकतात. तरीही पुढील वर्षभरात हिंजवडीला रोबो-टॅक्सीने जाऊ, या हिशेबाने कोणीही घरातील दुसरी गाडी विकू नये.

आठवड्याची नोंद

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वांत उपयोगाचे तेच आहे. एका वहीत सात दिवस घरातील किंवा व्यवसायातील प्रत्येक फेरी नोंदवावी. फेरीपुढे चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या रस्त्याने गेलो, गाडी उभी करून किती वेळ थांबावे लागले, गाडीत कोण होते, आणि गाडी चालवण्याव्यतिरिक्त चालकाने काय केले. पहिली तीन उत्तरे सोपी असतात. चौथ्या रकान्यासाठी चालकालाच विचारावे, कारण मालकाला त्यातील निम्मे ठाऊक नसते.

शाळेच्या व्हॅनचे उदाहरण घ्यावे. व्हॅनवाले काका रस्त्यावरून व्हॅन नेतात, हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. लहान मुलाला पट्टा लावणे, भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवणे, फाटकाशी आजी दिसली नाही तर मुलाला खाली न उतरवता घरी फोन करणे, ताप आलेल्या मुलीला परत आणून सोडणे, ही सारी कामे त्यांच्या पगारात गृहीत धरलेली असतात आणि कागदावर कोठेच नसतात. व्हॅन उद्या स्वतः चालू लागली, तरी ही कामे करण्यासाठी एक मोठे माणूस आत लागणारच. म्हणजे शाळेच्या वाहतुकीत तंत्रज्ञानाने माणूस वाचत नाही, फक्त त्याच्या नजरेवरील ताण कमी होतो. ही बाब पालकसभेत शुल्काची चर्चा निघेल तेव्हा लक्षात ठेवावी.

घरातील ज्येष्ठांच्या फेऱ्यांचेही असेच आहे. सिंहगड रस्त्यावरून आजोबांना रुग्णालयात नेणारा चालक त्यांना हात देऊन उतरवतो, व्हीलचेअर आणतो, केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, आणि औषधांची चिठ्ठी घेऊन खालच्या दुकानात जातो. या फेरीसमोर "चालक आवश्यक" असे लिहिण्यापेक्षा "सोबत आवश्यक" असे लिहावे. उलट, ज्या आजींना चालता-फिरता येते, परंतु संध्याकाळनंतर रिक्षा मिळत नाही म्हणून ज्या भजनाला जाणे सोडतात, त्यांच्या फेरीला चालकही नको आणि सोबतही नको; तेथे गाडी स्वतः आली तर त्यांचे आयुष्यच बदलेल. दृष्टिहीन व्यक्तींच्या बाबतीत हे आणखी खरे आहे. चालकविरहित गाडीवर टीका करताना हा वर्ग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

रात्रपाळीच्या कंपनी-कॅबमध्ये महिला कर्मचाऱ्यांसोबत सुरक्षारक्षक पाठवला जातो. चालक काढल्यास तो रक्षक राहतो की जातो, हा प्रश्न खराडी, मगरपट्टा किंवा हिंजवडी येथील वाहतूक विभागाने कराराच्या मसुद्यात आधीच लिहून ठेवावा.

मालवाहतूकदारांनी हीच वही ट्रकसाठी ठेवावी. चाकणहून न्हावाशेव्याला निघालेल्या ट्रकचा चालक ताडपत्री आणि दोर तपासतो, बिल्टी आणि ई-वे बिल सांभाळतो, फाटकावर गेट-पाससाठी हुज्जत घालतो, पंक्चर काढून घेतो, आणि माल उतरवताना नग मोजून सही घेतो. द्रुतगती मार्गावरील सरळ अंतर हा या दिवसातील सहज यंत्राकडे जाणारा भाग आहे. कारखान्याच्या आवारातील हालचाल त्याच्याही आधी जाऊ शकते, कारण तेथे वेग कमी, मार्ग ठरलेला आणि परका माणूस जवळजवळ नसतो. मधली, म्हणजे चाकण चौकातून बाहेर पडण्याची फेरी मात्र सर्वांत शेवटी जाईल.

रस्त्यांची वर्गवारी

वही भरली की त्यातील रस्ते तीन गटांत विभागावेत. पहिल्या गटात प्रवेश नियंत्रित असलेले रस्ते येतात. पुण्यासाठी त्याचे ठळक उदाहरण म्हणजे दुचाकींना बंदी असलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. दुसऱ्या गटात मार्गिकांच्या रेषा असलेले, पण दुचाकी, बस आणि उलट दिशेने येणारी वाहने एकत्र नांदणारे रस्ते येतात. सातारा रस्ता, नगर रस्ता आणि कर्वे रस्ता यांची गणना येथे करावी. तिसऱ्या गटात पेठांतील गल्ल्या, मंडई आणि तुळशीबागेचा परिसर. कॅमेरा रेषा वाचतो, रडार अंतर मोजते. पावसाळ्यानंतर पुसट झालेल्या रेषा, रंग उडालेले गतिरोधक आणि डाव्या बाजूने घुसणारी दुचाकी या तिन्ही गोष्टी दुसऱ्या गटातच सर्वाधिक भेटतात. म्हणून यंत्रावर सर्वांत कमी विसंबावे ते याच गटात. तिसऱ्या गटात वेग इतका कमी असतो की चूक झाली तरी बहुधा पत्रा चेपण्यावर भागते.

चौथा गट वर्षातील काही दिवसांपुरता निर्माण होतो: पालख्यांचे आगमन आणि गणेश विसर्जन. या दिवसांत रस्ते बंद होतात, वळवले जातात, आणि वळवण्याची खूण कित्येकदा हातात दोर धरलेल्या स्वयंसेवकाच्या इशाऱ्यापुरतीच असते. नकाशावर चालणाऱ्या कोणत्याही सेवेने या दिवसांसाठी काय व्यवस्था केली आहे, ते करार करण्याआधी विचारावे.

नवले पुलाबाबत वेगळी नोंद आवश्यक वाटते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतच्या लांब उतारावर अवजड वाहनांचे अपघात वारंवार होतात, आणि "स्वयंचलित ब्रेक आले की हे थांबेल" असे सहज म्हटले जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये बस आणि ट्रकसाठी आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक सक्तीचे करण्याचा मसुदा काढला, हे स्वागतार्हच आहे. परंतु गाडी न्यूट्रलवर सोडल्याने किंवा सतत ब्रेक दाबून धरल्याने ब्रेक तापून निकामी झाले असतील, तर संगणकाने दिलेला ब्रेकचा हुकूमही व्यर्थ जातो. तेथे खालचा गिअर आणि वेगमर्यादा हेच उपाय राहतात.

एडास असलेली गाडी घेताना

चाचणी फेरी शोरूमने सुचवलेल्या मोकळ्या रस्त्यावर न घेता आपल्या वहीतील दुसऱ्या गटाच्या रस्त्यावर घ्यावी. मार्गिका राखण्याची सुविधा कोणत्या वेगाखाली बंद होते, दुचाकी आणि पादचारी ओळखण्याची मर्यादा काय, आणि मुसळधार पावसात पडद्यावर कोणती सूचना येते, हे वापरपुस्तिकेतून शोधून वाचावे. पुढच्या काचेमागे कॅमेरा असल्यास काच बदलल्यानंतर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळणी, करावे लागते. बंपरचे काम झाल्यावर रडारचेही तपासावे लागते. विमा घेताना हा खर्च दाव्यात धरला जातो का, ते लेखी विचारून घ्यावे. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे स्वस्तात काच बसवून घेणे येथे महागात पडू शकते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालण्याची आपली रीत आहे, आणि बऱ्याच गाड्यांत रडार नेमके पुढच्या जाळीच्या किंवा बोधचिन्हाच्या मागे असते. पूजा जरूर करावी, परंतु गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी हार काढावा, आणि काचेवरील हळदी-कुंकवाचे बोट कॅमेऱ्यासमोर येणार नाही हे पाहावे. बंपरवर स्टिकर लावण्याची हौसही सेन्सरपासून दूर भागवावी.

सवयीबाबत मात्र कठोर राहावे. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेम्पी येथे उबरच्या चाचणीच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते, असे तपासात दिसून आले. यंत्र बहुतेक वेळा बरोबर वागते, तेव्हाच माणसाचे लक्ष सर्वाधिक ढळते. घरात नवशिक्या चालक असेल तर त्याला पहिले काही महिने या सुविधा बंद ठेवूनच गाडी चालवू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालकांनी आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनी

पगारी चालकाने, बॅज असलेल्या रिक्षाचालकाने किंवा कॅबचालकाने घाईने व्यवसाय सोडण्याचे आज कारण नाही. तरीही चौथ्या रकान्यातील कामे हीच आपली पुढची ओळख आहे, असे समजून ती कागदावर आणावीत: रुग्णसेवेतील सोबत, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, मालाची मोजदाद, शालेय वाहतुकीचा अनुभव. वय आणि आवड अनुकूल असल्यास औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थेत विद्युत वाहनांशी किंवा वाहन-इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित अभ्यासक्रमाची चौकशी करावी. चालक नसलेल्या टॅक्सींनाही चार्जिंग, सेन्सरची स्वच्छता, दुरुस्ती आणि अडलेल्या गाडीला दुरून मार्गदर्शन करणारी माणसे लागतात. मात्र ही माणसे आधीच्या चालकांइतकी लागणार नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून घरातील पुढच्या पिढीसाठी केवळ परमिटवर कर्ज काढताना परतफेडीची मुदत शक्य तितकी कमी ठेवावी. वर्षानुवर्षे चालक ठेवणाऱ्या कुटुंबांनी नेमणुकीचे साधे पत्र द्यावे आणि त्यात ही इतर कामे लिहावीत. उद्या काम बदलले, तर त्या माणसाजवळ दाखवायला काहीतरी असेल.

सोसायटीच्या सभेत

चालकविरहित गाडी माणसाला सोडून स्वतः दूर जाऊन उभी राहील, मग पार्किंगची जागा मोकळी होईल, असे सांगितले जाते. त्याची दुसरी बाजू अशी की मालकाची वाट पाहत रिकाम्या फिरणाऱ्या गाड्या रस्त्यावरची गर्दी वाढवतील. त्यामुळे पार्किंगच्या जागेवर आजच बांधकामाचे बेत आखू नयेत. फाटकाशी दोन गाड्या थांबतील एवढी चढण्या-उतरण्याची जागा मात्र आताच आखून घ्यावी. तिचा उपयोग कॅब, शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका आणि सामान पोहोचवणारे या सर्वांना आजही होतो.

कोणत्याही कंपनीची सेवा आवारात घेताना कॅमेऱ्यांचा प्रश्न विचारावा. अशा गाडीचे कॅमेरे आत बसलेल्यांचे आणि बाहेरच्या रहिवाशांचेही चित्रण करू शकतात. ते किती दिवस ठेवले जाते, कोणाला दिले जाते आणि पुसण्याची विनंती कोणाकडे करायची, ही तीन उत्तरे २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा संदर्भ देऊन लेखी मागावीत. करारात सेवा अचानक थांबल्यास पर्यायी वाहतूक कोण देईल, हे कलमही घालावे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऑक्टोबर २०२३ मधील अपघातानंतर कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीचे चालकविरहित परवाने निलंबित केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने त्या टॅक्सी-सेवेचा निधीच थांबवण्याची घोषणा केली.

वही वर्षातून एकदा, शक्यतो शाळा सुरू होण्याच्या सुमारास, पुन्हा भरावी. कलम २ ख खाली एखादी अधिसूचना निघाली, तृतीय-पक्ष विम्याच्या अटींत चालकाऐवजी यंत्राच्या जबाबदारीचा उल्लेख आला, किंवा द्रुतगती मार्गावर मालवाहू गाड्यांसाठी वेगळ्या अटी जाहीर झाल्या, तर मात्र वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पहिल्या गटातील फेऱ्या त्याच आठवड्यात पुन्हा तपासाव्यात.