भाजलेली भेंडी लिबलिबीत होते? या चुका टाळा

भेंडी भाजायला घेतली आणि लगदा झाला, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी एकच विचारते, धुतली कधी? समोरचा माणूस उत्तर द्यायच्या आधी जरा घुटमळला, की पुढचं काही विचारावं लागत नाही.

ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये भाजा, एअर फ्रायरमध्ये भाजा, नाहीतर आजीच्या बिडाच्या तव्यावर. भेंडीत शंभरातले जवळजवळ नव्वद भाग पाणीच असतं. तिच्या अंगावर ओल आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी डाग पडायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. मधल्या वेळात भेंडी भाजत नसते, वाफत असते. खाली ज्या चुका सांगते आहे, त्यातल्या बहुतेक या ना त्या वाटेने पाणी कोंडून ठेवणाऱ्याच आहेत.

चिरून मग धुणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते, आणि शिकलीसवरलेली माणसं करतात. भेंडीचा चिकटपणा तिच्या पेशींमध्ये असतो. सुरी लागली की तो बाहेर येतो आणि पाणी मिळालं की फुगतो. चिरलेल्या फोडी नळाखाली धरल्या की त्या स्वच्छ होत नाहीत, त्यांना तार सुटते. एकदा सुटलेली तार मग कितीही पुसा, आटोपत नाही.

माझी पद्धत अशी. सकाळी भाजी निवडतानाच भेंडी देठासकट धुवायची, चाळणीत निथळत ठेवायची आणि थोड्या वेळाने जुन्या सुती पंचावर पसरून पंख्याखाली टाकायची. उन्हाळ्यात अर्ध्या तासात खडखडीत वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत तर भेंडी कुठून वाळणार, तेव्हा एकेक हातात घेऊन पुसायची. हो, एकेक. पाव किलोला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्या करा, त्यात काही कमीपणा नाही. सुरी, विळी, पाट, हात, सगळं कोरडं हवं. देठ सगळ्यांत शेवटी कापायचा, कारण देठ कापलेल्या भेंडीच्या आत धुताना पाणी शिरतं आणि ते कोणत्याही पंचाने निघत नाही.

चकत्या करू नका. जितके काप जास्त, तितक्या चिकट कडा जास्त. भाजायला उभे दोन भाग पुरेत. अगदी बोटाएवढी कोवळी असेल तर नुसती एक चीर द्यायची.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलेलं होतं. तो बाणेरला राहायला गेला, नवीन एअर फ्रायर आला, आणि ऑफिसच्या सात-आठ जणांना त्याने जेवायला बोलावलं. संध्याकाळी त्याचा फोन. "मावशी, भेंडीला तार सुटली आहे, काय करू?" मी विचारलं, किती भेंडी आहे? म्हणाला, एक किलो. एक किलो! एअर फ्रायरच्या त्या टोपलीत! व्हिडिओत बारा मिनिटांत होते असं दाखवलं होतं म्हणे. व्हिडिओतल्या बाईने मूठभर भेंडी घेतली होती हे याच्या लक्षात आलं नाही.

रिक्षा करून गेले. ओट्यावरचं दृश्य बघून सगळा घटनाक्रम कळला. आधी साहेबांनी भेंडी चिरली. मग चव मुरावी म्हणून मीठ-तिखट लावून ठेवली. मग आठवलं की धुतलीच नाही, म्हणून मिठासकट नळाखाली धरली. मग टोपली काठोकाठ भरली, आणि होत नाही म्हणून दर दोन मिनिटांनी उघडून चमच्याने ढवळली. शेवटी घाईवर उपाय म्हणून वरून फॉइल लावलं. एवढ्या सगळ्या चुका एकाच भाजीत बसवायला खरं तर कष्ट पडतात. टोपलीत राखाडी-हिरवा गोळा होता आणि चमचा वर उचलला की त्याच्याबरोबर तारा येत होत्या.

त्यातली वरची, जरा बरी दिसणारी भेंडी मी दोन तव्यांवर पातळ पसरली. गॅस मोठा, वर थोडं तेल, आणि कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद. ती निम्मीशिम्मी सुधारली. उरलेल्या गोळ्याची ताकातली भेंडी केली. आंबट ताकाला डाळीचं पीठ लावलं, वरून लसूण-मेथीची फोडणी, कढीपत्ता, गुळाचा खडा. ताकात तो चिकटपणा खपून जातो, उलट रस्सा छान मिळून येतो. पाहुण्यांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ली आणि कृती विचारली. भाच्याने ती आपलीच कृती म्हणून सांगितली, "भेंडी आधी एअर फ्राय करायची" इथपासून. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत ऐकत होते.

तेव्हा लगदा झालाच असेल तर तो पुन्हा भाजायच्या मागे लागू नका. ताक फेटा.

ताटात गर्दी

घरगुती ओटीजीच्या एका ट्रेमध्ये पाव किलो भेंडी मावते. त्याहून जास्त नाही. दोन फोडींच्या मध्ये ट्रेचा पत्रा दिसला पाहिजे. पत्रा दिसत नसेल तर खालच्या भेंडीची वाफ वरच्या भेंडीला लागते आणि तुम्ही भेंडीची मोदकपात्रात ठेवल्यासारखी उकड काढता. चार माणसांना अर्धा किलो लागते, तर दोनदा लावा. "दोनदा कोण लावणार?" असं मला विचारणारी माणसं चहा मात्र दोनदा करून पितात.

चिरलेली बाजू खाली ठेवायची. ओटीजी आधी दहा मिनिटं २२० अंशांवर तापवायचा, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू, पंखा असेल तर तोही. थंड ओटीजीत ट्रे सरकवून मग बटण फिरवणाऱ्यांची भेंडी तापायच्या आधीच घामाघूम होते. आठ-दहा मिनिटांनी दाराच्या काचेवर वाफ धरलेली दिसेल. त्या वेळी दार एकदाच उघडायचं, वाफेचा लोट चेहऱ्यावर घ्यायचा नाही, ट्रे हलवायचा आणि दार लावायचं. नंतर अठराव्या-विसाव्या मिनिटापर्यंत उघडायचं नाही.

आत काय होतं ते एकदा नीट बघा म्हणजे पुढच्या वेळी घड्याळ लागणार नाही. पहिल्या काही मिनिटांत कापलेल्या कडेवर चिकाचे बारीक थेंब येतात, चकाकतात, फसफसतात. आपलं बिघडलं असं वाटून नवखी माणसं नेमकी इथेच चमचा घालतात. घालू नका. थेंब आटतात, त्यांचा मधासारख्या रंगाचा पातळ पापुद्रा होतो, बिया फुगून कडेला टोचल्यासारख्या दिसायला लागतात, आणि भेंडीची टोकं काळपट होऊन आत वळतात. टोकं वळली की झाली. ढवळत बसलात तर तो पापुद्रा धरतच नाही आणि चीक सगळ्या भाजीला फासला जातो.

एअर फ्रायरला १९०-२०० अंश, बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा टोपली हलवून. तो काही जादूचा डबा नाही, पंखा लावलेला छोटा ओव्हन आहे. गर्दीचा नियम त्यालाही आहे.

तव्यावर करत असाल तर झाकण ठेवू नका. आपल्याकडे झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफवायची चांगली रीत आहे, पण ती गवारीला, घेवड्याला. भेंडीवर झाकण ठेवलंत की झाकणाखाली धरलेलं पाणी परत तिच्याच अंगावर ठिबकतं. आणि हो, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते अशा भागात राहत असाल तर गुरुवारचा बेत तव्यावरचाच ठेवा.

मीठ आधी घालणं

मीठ पाणी ओढतं. भेंडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवलीत तर तुम्ही पंचाने पुसलेलं सगळं आतून परत बाहेर येतं. भाजून झाल्यावर, गरम असतानाच मीठ भुरभुरायचं. बारीक मीठ, चिमटीने, उंचावरून. "आत मुरत नाही" म्हणतात. मुरतं. भाजलेली भेंडी अशी कितीशी जाड असते?

आंबट कधी?

इथे घरोघरी वाद आहे. आमसूल किंवा ताक आधीच घातलं की भेंडीचा चिकटपणा तुटतो, हे आपल्या आया-आज्या सांगतात आणि ते खरं आहे. पण ते कढईतल्या भाजीसाठी. भाजताना चिकटपणा उष्णतेने आटवायचा असतो, तिथे आमसुलाचं पाणी म्हणजे परत पाणीच. शिवाय आंबट आणि उष्णता एकत्र आली की हिरवा रंग मेहंदीसारखा मळकट होतो, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. लोखंडी तव्यावर लिंबू पिळलंत तर वर लोखंडाची चव लागते. लिंबू किंवा आमचूर ताटलीत काढल्यावर.

बाकीचं झटपट

तेल वाचवू नका. पाव किलोला एक मोठा चमचा, हाताने चोळून. तेल नसलेली भेंडी कुरकुरीत होत नाही, चिवट होते. बिनतेलाची भेंडी आवडते असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्या घरी मी जेवत नाही.

कांदा-लसूण मसाला आधी लावू नका, जळून कडू होतो. शेवटच्या तीन-चार मिनिटांना. शेंगदाण्याचं कूट तर बाहेर काढल्यावरच, जाडसर. ओलं खोबरं घालायचं असेल तर वाढताना, नाहीतर तेही पाणी सोडतं.

जून भेंडी कोणत्याही पद्धतीने भाजली तरी दोरा चघळल्यासारखी लागते. टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. मंडईत प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघितलंत तर भाजीवाल्या मावशी बोलणार आणि त्यांचं बरोबर आहे. ढिगातली एखाद-दोन बघा, मग बोटाएवढ्या निवडून घ्या. चिरून पॅक केलेली भेंडी घेऊ नका. कोणी, कधी, कसल्या सुरीने चिरली आणि त्यानंतर धुतली का, हे विचारायला तिथे माणूसच नसतो.

भेंडी फ्रिजच्या मागच्या गार कोपऱ्यात ढकलू नका. सात अंशांच्या खाली तिला गारठा बाधतो, अंगावर तपकिरी खड्डे पडतात आणि ती चिकट होते. कोरड्या कापडात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारून ठेवलेली भेंडी आत घामेजते.

हेच सगळं फरसबीला आणि ब्रोकोलीला लागू आहे. ब्रोकोली धुतली की तिच्या तुऱ्यांत पाणी अडकून बसतं, तुरे खाली करून तासभर ठेवा आणि मग झटका. सिमला मिरची त्यातल्या त्यात सोपी, तिच्यावर हात बसवायला हरकत नाही. गवार मात्र ओटीजीत घालू नका. तिला वाफ लागतेच, कोरड्या आचेत तिचे नुसते दोर होतात. आणि कोणी दुधी भाजायचं म्हणालं तर विषय बदला.

भाजलेली भेंडी डब्यात द्यायची असेल तर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. उरली तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ती लोळागोळा होते. कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर दोन मिनिटं टाका. तेवढंही करायचं नसेल तर गारच दह्यात घालून वर मिरची-जिऱ्याची फोडणी द्या. पण दही जेवायला बसतानाच घालायचं.