एप्सिलॉन-डेल्टाने सातत्य कसं सिद्ध करायचं
पुण्यात बीएस्सीला अ‍ॅनालिसिस शिकताना बहुतेकांची गाडी डेल्टापाशी अडते. फलन एखाद्या बिंदूपाशी संतत आहे म्हणजे: एप्सिलॉन ही कितीही लहान धन संख्या दिली, तरी अशी एक धन संख्या डेल्टा मिळते, की क्ष त्या बिंदूपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला की फलनाची किंमत तिथल्या किमतीपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहते. गोम क्रमात आहे: एप्सिलॉन आधी दिलेला असतो, डेल्टा आपण नंतर शोधायचा.

क्ष² हे फलन ३ पाशी संतत आहे, हे दाखवू. कच्च्या कागदावर शेवटाकडून सुरुवात करा: |क्ष² − ९| = |क्ष − ३| · |क्ष + ३|. पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे, दुसऱ्याला आवर घालायचा. |क्ष − ३| < १ ठेवलं की क्ष २ आणि ४ यांच्यामध्ये राहतो, म्हणून |क्ष + ३| < ७. मग १ आणि एप्सिलॉन/७ यांतली लहान संख्या म्हणजे डेल्टा. पक्क्या उत्तरात क्रम उलटा: समजा एप्सिलॉन > ०, मग डेल्टा, मग असमानता.

डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + ३| लिहिलंत तर सिद्धताच कोसळते, कारण क्ष घेण्याआधीच डेल्टा ठरलेला हवा. नुसतं एप्सिलॉन/७ सुद्धा पुरत नाही. एप्सिलॉन ७० असेल तर क्ष जवळपास १३ पर्यंत जाईल आणि ७ ची मर्यादा मोडेल.

सातत्य नाही हे दाखवायला क्रमिका (संख्यांची न संपणारी रांग) वापरा, काम फार हलकं होतं. क्ष पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक देणारं फलन घ्या: १ − १/न (न = १, २, ३, …) ही क्रमिका १ कडे जाते, फलनाची किंमत मात्र ० च राहते आणि १ पाशी ती १ आहे. फलन संतत असतं तर किमतीही १ कडे गेल्या असत्या.