‘रन’चा अर्थ कसा लावायचा

मी भुसावळला मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण बारावी झालेले, रेल्वे नाहीतर बँकेच्या परीक्षांची तयारी करणारे. शब्दांच्या याद्या त्यांच्या तोंडपाठ असतात. ‘रन म्हणजे धावणे’ हे तर पाचवीपासून डोक्यात पक्कं बसलेलं. मग उताऱ्यात ‘हर आंट रन्स अ मेस’ असं वाक्य आलं की मावशी मेसमध्ये धावायला लागते आणि पुढच्या सगळ्या उताऱ्याचा अर्थ बिघडतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात नुसत्या ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले आहेत. पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या एका नोंदीसाठी सुमारे नऊ महिने लागले. 1928 साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे यंत्रं वाढली, संगणक आले, त्यांच्यासाठीही इंग्रजीने ‘रन’च वापरला आणि ‘रन’ची नोंद ‘सेट’च्या पुढे गेली. एवढे अर्थ पाठ करायला कुणी बसू नये. वाक्यात काय बघायचं ते कळलं की पुरतं.

सगळ्यात आधी कर्ता बघा. माणूस, कुत्रा, घोडा असेल आणि पुढे कर्म नसेल, तर धावणे हा अर्थ बहुतेक वेळा बरोबर निघतो. कर्ता यंत्र, गाडी किंवा दुकान असेल तर ‘चालणे’ लावून बघा. ‘द पंप रन्स ऑन डिझेल’ म्हणजे पंप डिझेलवर चालतो. ‘शी रन्स अ मेस’मध्ये ‘रन्स’च्या पुढे ‘मेस’ हे कर्म आहे, म्हणून ‘चालवते’. मी मुलांना सांगते, ‘रन’शी तुमची ओळख करून द्यायला ‘धावणे’पेक्षा ‘चालणे’ जास्त कामाचं आहे. आपलं घड्याळ चालतं, धंदा चालतो, नाटक शंभर प्रयोग चालतं. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतो.

आमच्या गावात तर हा शब्द रोज कानावर पडतो. स्टेशनजवळ रनिंग रूम आहे. तिथे कुणी धावत नाही. गाडी घेऊन आलेले लोको पायलट आणि गार्ड परतीच्या ड्युटीपर्यंत तिथे विश्रांती घेतात. चालत्या गाडीवर काम करणारे ते रनिंग स्टाफ, आणि त्यांच्यासाठीची ती रनिंग रूम. जुनी मोटारसायकल घ्यायला गेलं की आपण विचारतो, ‘रनिंग किती झालंय?’ म्हणजे किती किलोमीटर चालली आहे.

आता सुताराकडे चला, कारण मुलांना सर्वांत अवघड जाणारा अर्थ तिथे हातात धरून दाखवता येतो. स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटांचा भाव तो ‘रनिंग फुटा’वर सांगतो. टेप भिंतीला लावून कडेकडेने नेतो. एका भिंतीला 8 फूट, वळून दुसऱ्या भिंतीला 5 फूट, झाले 13 रनिंग फूट. रुंदी यात धरायचीच नाही, नुसती लांबीची रेघ मोजायची. इथे काहीही हलत नाही. आपली नजर मात्र त्या रेघेवरून पुढे सरकत जाते. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ हे वाक्य असंच वाचा: रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. रस्ता कुठे जातो? जागचा हलत नाही, तरी मराठीतही आपण ‘जातो’च म्हणतो. कर्ता रस्ता, भिंत, तार, साडीचा काठ असं काही लांबलचक असेल तर ‘जाणे’ घ्या.

पातळ पदार्थ असेल तर ‘वाहणे’. नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी वाहतं. कपड्याचा रंग पहिल्या धुण्यात ‘रन’ होतो तेव्हा आपण म्हणतो, रंग गेला.

‘रन’च्या मागे लागून येणारा छोटा शब्द कधीही सोडू नका. अर्ध्याहून जास्त चुका मला तिथेच दिसतात. ‘रन इनटू’ घ्या. ‘आय रॅन इनटू माय टीचर’: बाईंची अचानक गाठ पडली. ‘द टेम्पो रॅन इनटू अ पोल’: टेम्पो खांबावर आदळला. ‘द बिल रॅन इनटू लाख्स’: बिल लाखांच्या घरात गेलं. शब्द तेच, पण पुढे माणूस आहे, खांब आहे की रक्कम, त्यावर मराठी क्रियापद ठरतं.

‘रन आउट’ क्रिकेटमुळे सगळ्यांना माहीत, म्हणून जास्त फसवतो. दूध संपलं, हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘द मिल्क हॅज रन आउट’, किंवा ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. दूध कर्ता असेल तर ‘ऑफ’ नको. माणूस कर्ता असेल आणि काय संपलं ते सांगायचं असेल तर ‘ऑफ’ हवाच. परीक्षेत चूक शोधायला देतात तेव्हा नेमका हा ‘ऑफ’ गाळलेला असू शकतो.

काही अर्थांना असा धागा सापडत नाही, ते वाक्यासकट लक्षात ठेवा. ‘रन अ फीव्हर’ म्हणजे ताप असणे. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच आहे. निवडणूक लढवण्याला अमेरिकेत ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं बहुधा ‘कंटेस्ट’ लिहितात.

वही घाला. एका पानावर एकच कर्ता: यंत्र, रस्ता, पाणी, पैसा. डावीकडे घरात बोलतो तसं मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. अर्थ सुटा लिहू नका. शब्दकोश उघडलात तर अर्थाआधी उदाहरणाचं वाक्य वाचा. भूतकाळात ‘रॅन’ आणि ‘हॅव’नंतर पुन्हा ‘रन’, हे प्रत्येक पानावर एकदा तरी वापरा.

आणि उलट दिशेने जाताना जपून. प्रत्येक ‘चालणे’ म्हणजे ‘रन’ नव्हे. ‘उद्या आलास तरी चालेल’ इथे ‘रन’ येत नाही. ‘लाइट चालू कर’ला ‘स्विच ऑन’ लागतं. पायी चालण्याला ‘वॉक’. संस्था शाळा चालवते तिथे ‘रन्स’ बरोबर, पण ‘सध्या शाळा चालू आहे, सुट्टी नाही’ म्हणायचं असेल तर तिथे ‘रनिंग’ घालू नका. ‘द स्कूल इज ओपन’ एवढं पुरेसं आहे.