गाडीतल्या गॅसवर जनरेटर: कोकणकिनारी कॅम्परव्हॅन नेणाऱ्यांसाठी

पावसाळा संपल्यावर जनरेटर बाहेर काढला, तर दोरी ओढून ओढून खांदा दुखला, पण तो काही सुरू होईना. कार्बोरेटर उघडला. तळाशी पाणी आणि हिरवट गाळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! माझ्या कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाडीच्या, पोटात स्वयंपाकाचा गॅस मात्र नांदत होता. गॅस शिळा होत नाही, गाळ सोडत नाही, आणि मागच्या सीटखाली पेट्रोलचा कॅन बाळगायची धास्तीही राहत नाही. तेव्हापासून मी जनरेटर गॅसवरच चालवतो.

अमेरिकेत मोटरहोमवाले हे सर्रास करतात. तिथे गाडीत प्रोपेनची टाकी असते. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, पण ती काळजी लडाखला जाणाऱ्याने करावी. दापोली-गुहागरकडे तो प्रश्नच नाही.

आधी सिलिंडरचं. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच आहे. तो जनरेटरला लावणं बेकायदा आहे, मग शेजारी काहीही सांगोत. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. ५ किलोचा छोटा सिलिंडर शेगडीला छान, पण जनरेटरने जोरात गॅस ओढला की तो गारठतो, बाहेरून दव धरतो आणि दाब उतरतो. सिलिंडर नेहमी उभाच ठेवा. आडवा केला की नळीत वाफेऐवजी द्रवरूप गॅस शिरतो.

जनरेटर मुळातच गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारा असेल तर उत्तम. साध्या पेट्रोल जनरेटरला किट बसवता येतं, पण त्यात इंजिन बंद पडताच गॅस आपोआप रोखणारा डिमांड रेग्युलेटर हवाच. ओळखीचा फिटर रिक्षाचं किट स्वस्तात बसवून देतो म्हणाला, तर नको म्हणा. ते टाकीतला द्रवरूप गॅस घेऊन इंजिनाच्या उष्णतेवर त्याची वाफ करतं. आपल्या सिलिंडरातून वाफच येते.

आता खरी मेख. ती इंजिनात नाही, दाबात आहे.

सिलिंडरच्या आत कोकणातल्या उन्हात साधारण ५ ते ७ बार दाब असतो. शेगडीचा रेग्युलेटर तो ३० मिलिबारच्या आसपास आणतो, म्हणजे जेमतेम एक फूट पाण्याचा दाब. अमेरिकन मोटरहोममध्ये हाच आकडा ११ इंच पाणी असा सांगतात. दोन्ही जवळजवळ सारखेच. गोंधळ होतो तो असा, की दुहेरी इंधनाच्या बऱ्याच जनरेटरबरोबर येणाऱ्या नळीला स्वतःचा रेग्युलेटर असतो. तो थेट सिलिंडरला जोडण्यासाठी असतो. व्हॅनच्या, म्हणजे शेगडीच्याच, रेग्युलेटरनंतर काढलेल्या तोटीला तीच नळी लावली, तर आधीच मवाळ झालेला गॅस दुसऱ्या रेग्युलेटरमध्ये अडतो.

माझं गुहागरला नेमकं हेच झालं. जनरेटर बिनओझ्याचा गुणगुणत होता. एसी लावला की धापा टाकायचा, चढायचा, उतरायचा, शेवटी गप्प. मी प्लग बदलला, फिल्टर धुतला, अर्धी संध्याकाळ घालवली. दोष दोन रेग्युलेटरांचा होता.

म्हणून वाट एकच निवडा. एक तर व्हॅनच्या रेग्युलेटरनंतर टी (तीन तोंडांचा जोड) घालून स्वतंत्र कॉक असलेली तोटी काढा आणि तिथून जनरेटरपर्यंत साधी, रेग्युलेटर नसलेली नळी न्या. नाही तर वेगळा सिलिंडर घेऊन त्याला जनरेटरचाच रेग्युलेटर लावा. जनरेटरच्या आतला डिमांड रेग्युलेटर या हिशेबात धरू नका, तो दोन्ही वाटांवर लागतोच. पहिल्या वाटेला व्हॅनच्या रेग्युलेटरवर छापलेला, तासाला किती किलो गॅस सोडतो तो आकडा बघा. शेगडी आणि जनरेटर मिळून त्याहून जास्त ओढणार असतील तर मोठा रेग्युलेटर लागेल. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर मात्र या कामाला कधीही नाही. टी बसवायचं काम गॅसच्या कामाची माहिती असलेल्याकडूनच करून घ्या.

नळी आयएसआय छापाची, आत तार असलेली. शेगडीची ८ मिलिमीटरची नळी दीड मीटरला ठीक, पण पाच-सहा मीटरला १० मिलिमीटरची घ्या. जोडून झालं की साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांधा बघा. काडीपेटी नको, हे सांगायला लागू नये, पण लागतं. खाऱ्या हवेत क्लिपा गंजतात, उंदीर नळी कुरतडतात, आणि कुंभारीण माशी गॅसच्या कप्प्याच्या जाळीत मातीचं घर बांधते. ती जाळी तळाशी असते, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की खाली साचतो. जाळी बुजली तर गळलेला गॅस कप्प्यातच राहतो. दर मुक्कामाला काडी घालून ती मोकळी आहे ना, ते बघा.

जनरेटर ठेवायचा कुठे? व्हॅनपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, धुराड्याचं तोंड माणसांपासून फिरवून. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गॅसवर चालणारं इंजिनही तो सोडतंच. किनाऱ्यावर यात एक फसवणूक आहे. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, म्हणून आपण जनरेटर जमिनीच्या बाजूला ठेवतो. रात्री मतलई वारे सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे, आणि तोच धूर खिडकीतून आत येतो. म्हणून जनरेटर किनाऱ्याला समांतर, व्हॅनच्या बाजूला ठेवा, आणि झोपायच्या आधी बंद करा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. पावसात ताडपत्री थेट जनरेटरवर टाकू नका. चारी बाजूंनी मोकळं असलेलं उंच छप्पर करा. वेळासला कासवांच्या हंगामात तर किनाऱ्याजवळ जनरेटर लावूच नका, आवाज नको आणि उजेडही नको.

सुरू करताना ओझं सगळं काढा. इंधनाचा खटका गॅसवर, पेट्रोलचा कॉक बंद. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, प्राइमरचं (इंजिनात आधी थोडा गॅस सोडणारं) बटण असेल तर एक-दोन सेकंद दाबा, मग दोरी ओढा. नळीत हवा असते, म्हणून पहिल्यांदा चार-पाच ओढी लागतात. दोन-तीन मिनिटं तापू द्या, मग ओझं एकेक करून चढवा.

पेट्रोलवर २००० वॉट देणारा जनरेटर गॅसवर साधारण १८०० देतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी चालेल. त्याच वेळी इंडक्शन लावलंत तर नाही. खपाचा माझा ढोबळ हिशेब असा: एक किलोवॉट ओझ्याला तासाला अर्धा किलो किंवा थोडा जास्त. म्हणजे १९ किलोत तीसेक तास. किती उरलाय हे बघायला सिलिंडर मोठ्या काट्याला टांगून तोला. रिकामं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. काटा नसेल तर ओलं फडकं फिरवा. जिथवर द्रव आहे तिथवर ओल उशिरा वाळते.

होमस्टेच्या अंगणात उभे असाल आणि महावितरणची वीज गेली, तर जनरेटरची वायर त्यांच्या बोर्डात खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते, आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाइन तोडून मगच जनरेटर जोडणारा खटका) असेल तरच जोडा, नाही तर आपली व्हॅन तेवढी चालवा.

बंद करताना क्रम उलटा. ओझं काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून इंजिन आपोआप थांबू द्या, मगच स्विच. आणि धोपाव्याच्या किंवा तवसाळच्या जेटीवर जंगलबोटीत, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवण्याआधी खाली उतरून व्हॉल्व्ह हाताने एकदा तपासा, शेगडीचाही.