नागपुरात हवामान बदलावर काम करायचंय? आधी मोजणी बघा

३० मे २०२४ ची दुपार. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरच्या ग्रुपवर एकच स्क्रीनशॉट फिरत होता: नागपूर, ५६ अंश. मावशीचा फोन आला, "तू तेच शिकून राहिली ना? मग सांग, आता गाव सोडाव का?" मी धावतच सरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाकीच्या केंद्रांवर किती?"

बाकी दोन ठिकाणी चव्वेचाळीसच्या आसपास होतं. देशाचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ मधला, ५१ अंशांचा. म्हणजे ५६ दाखवणाऱ्या आमच्या रामदासपेठेने फलोदीला पाच अंशांनी मागे टाकलं होतं आणि रसवंतीवाले मात्र रोजच्यासारखे घुंगरू वाजवत बसले होते! सेन्सर बिघडला होता. हवामान खात्याने नंतर तसं जाहीरही केलं.

या विषयात येऊ बघणाऱ्या मुलांना मी हा किस्सा आधी सांगते. बाहेरून वाटतं, हवामान शास्त्रज्ञ म्हणजे धोक्याची घंटा बडवणारा माणूस. प्रत्यक्षात तो दिवसभर आकड्यांची उलटतपासणी घेत असतो. तापमान वाढतंय याबद्दल त्याला शंका नसते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, हे केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालातच आहे. शंका असते ती आज टेबलावर आलेल्या आकड्याबद्दल. या दोन गोष्टी एकाच डोक्यात नांदवायला मला वर्ष लागलं.

त्यात मराठीची गंमत. उद्या पाऊस पडेल का, तेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरी, तेही हवामानच. त्यामुळे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, दोन सरी आल्या की शेजारचे काका विचारतात, "कुठं गेली तुमची तापमानवाढ?" चिडू नका. भाषेनेच घोळ घातलाय, त्यांनी नाही.

माझी स्वतःची फजिती सांगते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मी उपग्रहाच्या नोंदी आणि हवामान खात्याचा पाऊस शेजारी ठेवला, तर उपग्रहाचा पाऊस चक्क एक दिवस आधी! आठवडाभर मी कारणं शोधली, एक भारदस्त परिच्छेदही लिहिला. खरं कारण घड्याळात होतं. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लागतो. उपग्रहाचा दिवस ग्रीनिचच्या वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. रात्री दोनला पडलेला पाऊस एकाकडे २२ तारखेला, दुसऱ्याकडे २३ ला. परिच्छेद गेला कचऱ्यात. तेव्हापासून कुठलीही फाइल उघडली की मी आधी वेळ आणि एकक बघते, मग रिकाम्या नोंदींच्या जागी काय भरलंय ते. पावसाच्या फाइलीत −९९९ दिसलं तर तो पाऊस नसतो, ती नसलेली नोंद असते.

तो पूर हवामान बदलामुळेच आला का, हे सगळे विचारतात. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने २०१७ मध्ये दाखवलं. पण एका रात्रीचा पाऊस तेवढ्यावरून बदलाच्या खाती टाकता येत नाही, त्याला वेगळा अभ्यास लागतो. आणि पाणी घरात शिरलं त्यात नदीकाठच्या बांधकामाचाही वाटा असतो. हे उत्तर लांबलचक आहे आणि टीव्हीवाल्यांना चालत नाही. तरी तेच द्या.

काटोलकडे संत्र्याच्या बगीच्यांत गेले तेव्हा सरासरी हा शब्द मी जरा जपून वापरायला शिकले. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडांना हिवाळ्यात पाणी तोडून ताण देतात. मधेच पाऊस आला की ताण मोडतो आणि फुलं सोडून नुसती पालवी फुटते. मी वहीत वर्षाचा एकूण पाऊस दाखवला, अगदी सरासरीइतका. एक आजोबा म्हणाले, "तुमच्या कागदावर बराबर दिसन पोरी, पन माह्या झाडाले ताण कुठं बसला?" माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्या दिवशी बदलला. एकूण पावसाऐवजी मी डिसेंबर-जानेवारीतले कोरडे दिवस मोजू लागले.

नागपूर या कामाला सोयीचं आहे. १९५८ पासूनची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र, वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची आणि मृदा सर्वेक्षणाची संस्था. भौतिकशास्त्र, भूगोल, कृषी, स्थापत्य, कुठूनही येता येतं. पायथन ही संगणकाची भाषा आणि सांख्यिकी मात्र लागतेच. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी आणि वातावरण विज्ञानाचा वेगळा पेपर असतो. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. ते दर महिन्याला येतील असं धरून घर घेऊ नका. माझे एकदा पाच महिने अडकले होते आणि मेसवाल्या काकूंनी वहीत लिहून ठेवत मला जेवू घातलं.

मावशीचा फोन दर मे महिन्यात येतोच. आता ती आकडा सांगते आणि लगेच स्वतःच विचारते, "बाकीकडं किती आहे?"